विमान मागे फिरलं म्हणजे?

१२ जून २०२५ला अहमदाबादेत एअर इंडियाचं बोइंग ७८७ कोसळलं, आतल्या २४२ पैकी एकच जण वाचला. तेव्हापासून ‘तांत्रिक बिघाड, विमान परतलं’ एवढ्या बातमीनंही पोटात गोळा येतो. पण परतणं ही बहुतेकदा खबरदारीच असते. शिवाय प्रत्येक बिघाड धोक्याचा नसतो; विमानातली कोणती वस्तू बंद असताना उडता येतं आणि ती किती दिवसांत दुरुस्त व्हायला हवी, याची मंजूर यादीच असते. सीटवरचा वाचायचा दिवा बंद असला तरी चालतं. बिघाडाची नोंद लॉगबुकात होते, खाली परवानाधारक इंजिनिअरची सही. प्रवाशाला घाबरवते ती मात्र घोषणेआधीची लांबलचक शांतता. दोन वाक्यांत कारण सांगायला काय हरकत आहे?