घरी बैल नाही? लाकडाचा बनवा; पोळ्याला एक आपल्या घरी, एक शेजारी

परभणी : श्रावण अमावस्या जवळ आली की बाजारात झुली, मोरक्या, घुंगरमाळा, बेगड दिसायला लागते. पण गावात फिरून बघा, किती दावणी रिकाम्या झाल्या. ट्रॅक्टर आला, कडबा महागला, सालगडी मिळेना, म्हणून बैलजोडी विकली. २०१९ च्या पशुगणनेत देशातली गोवर्गातली नर जनावरं २०१२ च्या मानानं सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरली. ज्यांना शेतच नाही त्यांच्या घरी तर बैल कधी नव्हताच. मग पोळ्याच्या दिवशी त्यांच्या लेकरांनी नुसतं वेशीत उभं राहून बघायचं का?

नागपूरकडची रीत

विदर्भात यावर जुना उपाय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं 'तान्हा पोळा' भरतो. लेकरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. घरचे लोक बैलाची पूजा करून लेकरांच्या हातावर पैसे, खाऊ ठेवतात. त्याला 'बोजारा' म्हणतात. १८०६ मध्ये दुसरे रघुजी भोसले यांनी ही प्रथा सुरू केली, असं सांगितलं जातं. मोठ्यांच्या पोळ्यात कुणाची जोडी आधी, कुणाची मागून, यावरून गावोगाव वाद होतात. लेकरांच्या लाकडी बैलाला असा मानपान नसतो. ज्याच्या हातात बैल, तो पोळ्यात.

बैल कसा बनवायचा?

१) दार-चौकटीचं उरलेलं लाकूड चालतं. १ इंच जाड, ९ इंच रुंद, ७ इंच उंच तुकडा घ्या. त्यावर पेन्सिलनं बैल काढा. वशिंड ठळक ठेवा, पाय जाड ठेवा. लाकडाचे रेषे उभे असावेत. आडवे आले तर पाय मोडतो.

२) करवतीनं कापा, कानशीनं कडा गोल करा, मग पॉलिश पेपरनं घासा. कापायचं काम मोठ्यांनी करावं, घासायचं लेकरांना द्यावं.

३) डोक्याला दोन भोकं पाडून शिंगं बसवा. टोकं बोथट ठेवा.

४) १० बाय ४ इंचाच्या फळीवर बैल चिकटवा आणि खालून स्क्रू मारा. चाकं प्लायवूडची करा. ओल्या फांदीच्या चकत्या वाळताना तडकतात.

५) बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्यात गेरू कालवा, की आपल्या लालकंधारीचा रंग तयार. डोळे काजळाचे. झूल जुन्या साडीच्या काठाची शिवा.

कापणं जमत नसेल तर गावातल्या सुताराकडं जा. तिफण, वखर, बैलगाडी त्याच्याच हातची असायची. लोखंडी अवजारं आली आणि त्याचं काम गेलं. फुकट मागू नका, मजुरी द्या.

दुसरा बैल कुणाला?

एका फळीतून दोन बैल सहज निघतात. दुसरा आपल्या घरी ठेवू नका. ऊसतोडीला जाणाऱ्याचं, मजुराचं, नाहीतर यंदा जोडी विकावी लागली त्याचं लेकरू बघा आणि त्याच्या हातात द्या. लेकरानंच लेकराला दिला तर आणखी चांगलं. आणि ते दारात बैल घेऊन आलं की जिवंत बैलाला ओवाळता तसंच ओवाळा, हातावर काहीतरी ठेवा.

जिवंत बैलाला विसरू नका

ज्यांच्या दावणीला अजून जोडी आहे, त्यांनी आदल्या दिवशीची खांदेमळणी नीट करावी. हळद-लोणी लावताना जुवानं पडलेली जखम दिसली तर डॉक्टरला दाखवावी. पुरणपोळी घासापुरतीच द्यावी. जास्त झाली की पोट फुगतं, जनावर दगावूही शकतं. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, पराणी लावत नाहीत. लाकडी बैलाला झूल घालताना लेकरांना हेही सांगा. उद्या त्यांच्या हातात ट्रॅक्टरचं स्टेअरिंग असेल, पण मुक्या जीवाला आणि शेजाऱ्याला कसं वागवायचं, हे आत्ताच शिकून होईल.