छप्पर उतरलेला मॉल

१९९९ मध्ये मुंबईत ताडदेवला ‘क्रॉसरोड्स’ मॉल उघडला, तेव्हा तो पाहायलाच गर्दी लोटली. बंदिस्त, वातानुकूलित बाजाराची ही कल्पना अमेरिकेतली. वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन यांचा ‘साउथडेल’ मॉल १९५६ मध्ये मिनेसोटात सुरू झाला होता.

त्याच अमेरिकेने पुढे छप्पर उतरवले.

कोलोरॅडोतील लेकवूड शहरात १९६६ पासून चाललेला ‘व्हिला इटालिया’ मॉल २००१ मध्ये बंद पडला. मोठी दुकाने निघून गेली की लहान दुकानांचे गिऱ्हाईकही आटते. मॉल जवळजवळ सगळा पाडला गेला आणि २००४ मध्ये तिथे ‘बेलमार’ खुले झाले: नेहमीचे रस्ते, पदपथ, मोकळा चौक, खाली दुकाने आणि वर घरे, कार्यालये. दुकाने बंद झाल्यावरही तिथे माणसे राहतात, म्हणून रस्ता ओस पडत नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या माणसाला ही रचना परकी वाटणार नाही. पुढे दुकान, मागे किंवा माडीवर घर, ही मराठवाड्यातल्या पेठांची जुनीच रीत. उघड्या बाजारात सामायिक वाटांना गारवा पुरवण्याचा विजेचा खर्च वाचतो. मात्र इथल्या वैशाखात पायी हिंडायचे, तर दुकानांपुढे पडवी, रस्त्याकडेला कडुनिंब आणि पिण्याचे पाणी आधी हवे.