अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील निवाडा

रत्नागिरीच्या न्यायालयाच्या आवारात ज्याने एखादी सकाळ काढली असेल, त्याला निराळे सांगावयास नको की, गडग्याच्या दीड हात जागेसाठी अथवा सामाईक कलमाच्या अर्ध्या वाट्यासाठी आजोबांनी लावलेला दिवाणी दावा नातवाने चालवावा, ही गोष्ट आमच्या कोकणात नवलाची नाही. दोन्ही पक्षांची कैफियत सारखीच तळमळीची असते, आणि जेथे साक्षीदार नाही, दस्तऐवज नाही, तेथे न्यायासनावर बसलेल्या माणसाने सत्य ओळखावे तरी कसे, हा प्रश्न मनात उभा राहतो. हाच प्रश्न जगातल्या पुष्कळ चित्रकारांनी भिंतींवर रंगविला आहे. अशा भिंतींपैकी एक आपल्याच महाराष्ट्रात, अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात आहे; आणि ती पाहून परतल्यापासून तिच्याविषयी आपल्या गावच्या वाचकांशी चार शब्द बोलावेत, असे सारखे वाटत आले आहे.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न शलमोन राजाच्या निवाड्याच्या रूपाने सर्वांस परिचित आहे. बायबलातील ‘राजे’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात, तिसऱ्या अध्यायात ती कथा येते. एका घरात राहणाऱ्या दोन स्त्रिया एकाच तान्ह्या मुलावर आईपणाचा हक्क सांगत दरबारात येतात. राजा तलवार मागवितो आणि मुलाचे दोन तुकडे करून दोघींना वाटून देण्याचा हुकूम करतो. तेव्हा जी ‘मूल तिलाच द्या, पण मारू नका’ म्हणून आकांत करते, तीच खरी आई, हे त्याला कळते. राफाएलने व्हॅटिकनमधील एका दालनाच्या छतावर, न्यायदेवतेच्या शेजारी, हा प्रसंग सोळाव्या शतकाच्या आरंभी रंगविला. तिएपोलोने अठराव्या शतकात उदिने येथील धर्माधिकाऱ्याच्या प्रासादात तो पुन्हा आणला. पुढे पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली नगरे उकरली गेली आणि त्या दर्शनाने युरोपात नवअभिजात कलेची लाट उसळली. त्याच पॉम्पेईतल्या एका घरात एक भित्तिचित्र सापडले असून त्यातील ठेंगण्या आकृतींचा प्रसंग म्हणजे शलमोनाचाच निवाडा होय, असे अनेक अभ्यासक मानतात.

अजिंठ्याच्या भिंतीवर शलमोन नाही; तेथे महोसध आहे. महाउम्मग्ग जातक या नावाच्या दीर्घ कथेतील हा मिथिलेजवळच्या खेड्यातला श्रेष्ठिपुत्र, वयाने अवघा सात वर्षांचा. एक स्त्री आपल्या तान्ह्याला घेऊन तळ्यावर आली, मुलाला लुगड्यावर निजवून ती स्नानास उतरली, तो मानवी रूप घेतलेल्या एका यक्षिणीने मुलाला पाजण्याच्या मिषाने उचलले आणि ती पळत सुटली. आईने तिला गाठले. भांडत भांडत दोघी महोसधापुढे आल्या. त्याने जमिनीवर एक रेघ ओढली, मुलाला रेघेवर निजविले, एकीला हात आणि दुसरीला पाय धरावयास सांगितले आणि जी मुलाला रेघेपलीकडे ओढील तिचे मूल, असे ठरवून दिले. ओढाओढ सुरू होताच मूल कळवळले. ते ऐकताच आईच्या हातची पकड सुटली आणि ती रडत उभी राहिली. निवाडा तेथेच झाला.

हे लेणे खोदविणारा वराहदेव हा वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील या पुरुषाने लेणे भिक्षुसंघाला अर्पण केल्याचे आणि धर्माने राज्यकारभार केल्याचे तेथील शिलालेख सांगतो. राज्याचा कारभार ज्याच्या शिरावर होता, त्याने आपल्या विहारात प्रवेशाच्या बाजूच्या भिंतीवर न्यायनिवाड्याच्या कथा रंगविलेल्या असाव्यात, यात मला मोठे औचित्य दिसते. मुलाच्या निवाड्याच्या जोडीला येथे रथाच्या निवाड्याचा प्रसंगही आहे. चित्रांचा बराचसा भाग गळून गेला असल्याने पाहणाऱ्याला अंधारात डोळे स्थिरावेपर्यंत थांबावे लागते; मग काळवंडलेल्या पृष्ठभागातून एकेक आकृती हळूहळू पुढे येते.

या भिंतींची घडणही लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. इटलीतील चित्रकार चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग चढवीत, म्हणजे रंग चुन्यात मुरून त्याच्याशी एकजीव होई. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडबडीत कातळावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरविला आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालविलेले रंग लावले: गेरू, पिवडी, काजळ, हिरवी माती आणि दूरच्या प्रदेशातून आलेला निळा राजावर्त. मातीत तूस कालवून कुडाच्या भिंती लिंपणाऱ्या आमच्या कोकणी आजीला ही रीत पाहताच ओळखू आली असती. निजामाच्या राजवटीत, 1920 च्या सुमारास, चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ या चित्रांच्या रक्षणासाठी आले. त्यांनी निखळणारा गिलावा जागच्या जागी बसविला. परंतु त्यांनी दिलेले लाखेचे रोगण कालांतराने काळवंडले आणि ते काढण्याचे कष्ट पुढच्या पिढ्यांना घ्यावे लागले.

मुलाच्या निवाड्याची ही कथा कोणी कोणाकडून घेतली, हा विद्वानांचा जुना वाद आहे. चीनमध्ये त्या रेघेचे खडूचे वर्तुळ झाले. तेथून ती जर्मन नाटककार ब्रेख्तकडे गेली आणि त्याने मूल जन्मदात्रीला न देता, जिवापाड सांभाळणाऱ्या मोलकरणीच्या ओटीत घातले. ब्रेख्तचे ते नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने मराठीत आणले चिं. त्र्यं. खानोलकरांनी, ज्यांचा जन्म 1930 साली वेंगुर्ल्याच्या बागलांची राई येथे, म्हणजे तेव्हाच्या आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच झाला. सह्याद्रीच्या त्या बाजूला भिंतीवर चितारलेला निवाडा असा सारे जग फिरून कोकणी लेखणीतून मराठी रंगभूमीवर आला.

शलमोनाने तलवार मागविली, महोसधाने रेघ ओढली, परंतु दोघांनाही सत्य सापडले ते एकाच खुणेवर: ज्याचे प्रेम खरे, तो वस्तूचे तुकडे होऊ देत नाही, प्रसंगी हक्क सोडतो. कायद्याच्या कोणत्याही कलमाहून ही कसोटी जुनी आहे, आणि वडिलोपार्जित बागेच्या वाटण्या करताना आपण ती लावून पाहिली, तर कित्येक दावे कचेरीची पायरी चढण्यापूर्वीच मिटतील, असा माझा विश्वास आहे.

रत्नागिरीहून कोकण रेल्वेने मुंबई आणि तेथून जळगाव गाठले की लेणी सुमारे 60 किलोमीटरांवर राहतात. सोमवारी ती बंद असतात. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाकडे पावले वळण्यापूर्वी सोळाव्या लेण्यातल्या त्या भिंतीपुढे थोडा वेळ उभे राहा. भिंतीला हात लावू नका, प्रखर दिवा पाडू नका. पंधराशे वर्षे तग धरून राहिलेल्या मातीच्या त्या लेपावर आता आपला एवढाच हक्क आहे.