हीटर थंड का पडला?

सुरुवातीलाच माफी मागते. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर मराठीवाल्या मॅडमना सांगू नका. विषय मात्र आपला, मेकॅनिकलचा आहे.

मागच्या जुलैमध्ये आम्ही आजीकडे सावंतवाडीला निघालो होतो. आजऱ्यापर्यंत सगळं ठीक. आंबोली घाटात धो धो पाऊस, वर धुकं, आणि आमच्या जुन्या गाडीची पुढची काच आतून पांढरी झाली. बाबांनी हीटर लावला तर गार वारा! आई फडक्याने काच पुसतेय, बाबा खिडकीतून डोकं बाहेर काढून वळण बघतायत. शेवटी गाडी बाजूला घेतली. ॲव्हरेज पडतं म्हणून बाबा कधी एसी लावत नाहीत, तो लावला तेव्हा काच हळूहळू साफ झाली. आम्ही कुडकुडत खाली उतरलो.

आता काच धूसर का होते? आपल्या श्वासातली वाफ थंड काचेवर जमते म्हणून. एसी हवेतलं पाणी काढून घेतो आणि हीटर काच गरम करतो. म्हणून पावसाळ्यात दोन्ही एकत्र लावायचे आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवायचं.

घरी आल्यावर एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "एसीचा गॅस गेलाय, डॅशबोर्ड खोलावा लागेल." मला हे पटेना. एक तर गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद पाइपांतून फिरतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. दुसरं म्हणजे हीटरचा आणि गॅसचा संबंधच नाही! हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटर. इंजिनमधलं गरम कूलंट त्यातून जातं आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. बस, एवढंच.

मग मी एकेक तपासत गेले. तुम्हीही याच क्रमाने जा.

पहिलं, वारा येतो का? अजिबात नसेल तर आधी फ्यूज, मग ब्लोअरची मोटर बघा. फक्त शेवटच्या स्पीडवर वारा येत असेल तर बहुतेक ब्लोअरचा रेझिस्टर जळालेला असतो. आमचा वारा ठीक होता.

दुसरं, टेंपरेचरचा काटा. बराच वेळ चालवूनही काटा वर येत नसेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल. मग इंजिन गरमच होत नाही, हीटर कुठून होणार? आमचा काटा मध्यावर होता.

तिसरं, हीटरकडे जाणारे दोन होज. इंजिन गरम झाल्यावर बंद करा आणि जपून हात लावा. दोन्ही गरम असतील तर कूलंट पोचतंय, दोष आतल्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा. एक गरम आणि एक गार असेल तर कोअर तुंबलाय किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही गार असतील तर बहुधा कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. आमचे दोन्ही गार!

पण बाबा म्हणाले, "बाटली तर भरलेली आहे." इथेच आम्ही फसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत पाणी दिसेना. (गरम असताना झाकण कधीही उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं.) कारण सापडलं एका होजच्या सैल क्लॅम्पपाशी, तिथे वाळलेला हिरवा डाग होता. इंजिन गार होताना रेडिएटरने बाटलीतलं कूलंट ओढून घ्यायला हवं, पण तो या फटीतून हवाच ओढत होता. म्हणून बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा.

क्लॅम्प बदलला, कूलंट भरलं, हीटर फुल गरमवर ठेवून झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू केलं, आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो. थोड्या वेळात गरम वारा! डॅशबोर्डला हातही लावला नाही.

बाबा खूश झाले, पण मला नंतर घाम फुटला. बऱ्याच गाड्यांत हीटर उंचावर असतो, म्हणून कूलंट कमी झालं की हवा आधी तिथे जमते. म्हणजे थंड हीटर ही इंजिनची पहिली हाक होती. आणखी थोडं चाललो असतो तर हेड गॅस्केट गेलं असतं, तेही घाटात.

गाडीत गोडसर वास आला, काचेवर चिकट थर बसला, गालिचा ओला झाला तर मात्र कोअर लीक आहे असं समजा. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय.

हीट ट्रान्सफरच्या पेपरला मला काठावर मार्क होते. सर, निदान प्रॅक्टिकलचे तरी द्या!