प्रवाळपेटीतील पाण्याचा समतोल

आपल्या धडगाव तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा पुढे अरबी समुद्राला मिळते. समुद्राशी आपला तेवढाच संबंध. तथापि शिक्षण-नोकरीनिमित्त शहरांत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना आता मोठ्या दुकानांत खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या दिसतात आणि घरी प्रवाळ जोपासण्याची इच्छा होते. ही हौस सुंदर आहे. परंतु तिच्यावर सजीवांचे प्राण अवलंबून असतात. म्हणून तिच्यामागील रसायनशास्त्र येथे थोडक्यात मांडत आहोत.

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते, हा प्रयोग शाळेत सर्वांनीच पाहिला आहे. तो दुधाळ साका म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. प्रवाळ हा चिमुकला प्राणी पाण्यातील घटक घेऊन याच पदार्थाचा सांगाडा रचतो. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, असे प्रवाळ आढळतात. अथांग समुद्रात पाण्याचे गुणधर्म अतिशय सावकाश बदलतात. शंभर लिटरच्या पेटीत मात्र तेच बदल एका दिवसात घडतात, आणि प्रवाळाला घातक ठरतो तो हाच वेग. आकडा आदर्शाहून किंचित कमी-अधिक असला तरी चालते. तो रोज हेलकावे खाऊ लागला की प्रवाळ खंगतो.

पहिली बाब लवणतेची. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बाष्पीभवनाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. शंभर लिटरमधून रोज दोन लिटर पाणी उडाले आणि भर घातली नाही, तर पाचव्या दिवशी ३५ चे प्रमाण जवळजवळ ३९ वर पोहोचते. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई दररोज, थोडी थोडी आणि गोड्या पाण्यानेच करावी. खारे पाणी ओतल्यास क्षार वाढतच जातात. विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यात खडकातून विरघळलेले क्षार असतात, त्यामुळे आरओसारख्या गाळणीतून शुद्ध केलेले पाणी वापरावे.

दुसरी बाब अल्कतेची, म्हणजे आम्ल पचवण्याच्या पाण्याच्या शक्तीची. ती डीकेएच या एककात मोजतात. पेटीत ती ७ ते ९ च्या दरम्यान आणि कॅल्शियम लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम असावे. सांगाडा रचताना प्रवाळ दोन्ही घटक ठरावीक प्रमाणात घेतो : अल्कता एक डीकेएचने उतरते, तेव्हा कॅल्शियम केवळ सात मिलिग्रॅमने घटते. आठातून एक गेल्याचे चाचणीत लगेच दिसते, ४२० मधून सात गेल्याचे सहसा दिसत नाही. म्हणून अल्कतेची चाचणी वारंवार करून वहीत नोंदवावी.

ही झीज भरून काढण्याचा एक जुना उपाय म्हणजे तीच चुन्याची निवळी. तिच्यातून कॅल्शियम व अल्कता दोन्ही मिळतात. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो. साका खाली बसू द्यावा आणि वरचे स्वच्छ पाणीच घ्यावे. चुना शुद्ध, खाद्य दर्जाचा असावा. निवळीचा पीएच १२ च्या वर असल्याने ती थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री सोडावी. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पेटीचा पीएच उतरलेला असतो. अल्कता कितीही खाली गेलेली असो, दिवसाला एक डीकेएचहून अधिक वाढवू नये.

तिसरी बाब जीवाणूंची. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. तोवर पेटीत जीव सोडू नयेत. वीज गेली की पाण्याची हालचाल थांबून प्राणवायू घटतो; त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवापंप घरी असावा.

निवळीत फुंकत राहिल्यास तिचा दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो, कारण जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे साका विरघळतो. हवेतील हा वायू वाढल्याने औद्योगिक युगापासून समुद्रपृष्ठाचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. त्यामुळे सांगाडा रचणे समुद्रातील प्रवाळांनाही अवघड होत आहे.

पालकांसाठी एक सूचना. आपल्या समुद्रातील भित्ती रचणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते किनाऱ्यावरून आणणे किंवा विकत घेणे गुन्हा ठरतो. परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवांचीही कागदपत्रे आधी पाहावीत. मुलांना आवड असेल तर आरंभ गोड्या पाण्याच्या पेटीने करावा आणि पाण्याची नोंदवही त्यांच्याच हाती द्यावी. वर्षभर ती वही नियमित भरली गेली, तर खाऱ्या पाण्याचा विचार अवश्य करावा.