कापडाची प्रत मागावर ठरत नाही

सुरतेहून मुंबईकडे निघालेल्या गाडीला उधन्यानंतर भेस्तान आणि सचिन ही स्थानके लागतात. जवळच पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या या पट्ट्यात उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून गेलेली अनेक कुटुंबे स्थायिक झाली आहेत. यंत्रमागावरील कामगारास कापडाच्या प्रतीचा प्रश्न मजुरीच्या रूपाने भेडसावतो. ठाणात दोष निघाला की बोट त्याच्याकडेच वळते. वस्तुतः अनेक दोषांचे मूळ माग सुरू होण्यापूर्वीच रुजलेले असते.

धाग्याचेच उदाहरण घ्यावे. पॉलिएस्टर धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर होय. दोन निरनिराळ्या खेपांतील धागा डेनियरने सारखा असला, तरी रंग शोषण्याची त्याची शक्ती भिन्न असू शकते. असा धागा एकाच ठाणाच्या बाण्यात मिसळला गेल्यास कोऱ्या कापडावर काहीच दिसत नाही. रंगाई झाल्यावर मात्र आडवे पट्टे उमटतात. तोवर धागा, वीज, मजुरी आणि रंग हे सारे खर्ची पडलेले असते. विणकराने डोळ्यांत तेल घालून काम केले असते, तरी हा दोष त्याच्या दृष्टीस पडला नसता!

म्हणूनच प्रतीचे नियोजन आधी कागदावर व्हावे लागते. अमेरिकन तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी १९८६ मध्ये गुणवत्तेच्या कार्याचे नियोजन, नियंत्रण व सुधारणा असे तीन भाग मांडले, त्यांत नियोजनास अग्रस्थान दिले. कापड साडीसाठी की अस्तरासाठी, इंचास बाण्याचे धागे किती, फणी कोणती, हे प्रथम निश्चित करावे. प्रत्येक खेपेचा धागा वेगळा ठेवून तिचा क्रमांक नोंदवहीत लिहावा. नवी खेप लावताना थोडे कापड विणून, रंगवून पाहावे. धाग्याच्या व कापडाच्या चाचणीसाठी सुरतेत ‘मंत्रा’ ही संशोधन संस्था आहे.

तपासणीची रीतही अगोदरच ठरवावी. प्रचलित चार गुणांच्या पद्धतीत तीन इंचांपर्यंतच्या दोषास एक, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन आणि त्याहून लांब दोषास चार दोषगुण देतात. ही मोजणी आणि खेपेची नोंद शेजारी ठेवली, म्हणजे चूक विणकराची, फणीची की धाग्याच्या खरेदीची, हे मजुरी कापण्यापूर्वीच पाहता येते.