कट्टा किती किलोचा? गटाच्या व्यवसायात मापं आणि सॉफ्टवेअरचा मेळ



मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी आपल्या भागातल्या एका गटाच्या बैठकीत मी बसले होते. गटाचा तूरडाळीचा व्यवसाय आहे. नवरात्रात तुळजापुरात स्टॉल लावला होता, डाळ चांगली विकली गेली होती. सगळ्या खुशीत होत्या. मग लिपिकाताईंनी मोबाईलवरचं हिशेबाचं ॲप उघडलं आणि वाचून दाखवलं, "शिल्लक डाळ २८० किलो." गोदामात जाऊन मोजली तर भरली ८० किलो. २०० किलो डाळ कमी! किलोला १२० रुपये खर्च धरला तरी २४ हजार रुपये.

कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांचे डोळे एकाच बाईकडे गेले. गोदामाची किल्ली त्यांच्याकडे होती. गट सुरू झाला त्या दिवसापासूनच्या सभासद. त्यांनी पदराची गाठ सोडली, किल्ली काढून सतरंजीवर ठेवली आणि म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाकडं द्या आता."

चोरी झालीच नव्हती. चूक मापाची होती, आणि ती माझ्या हातून झाली होती. तुमच्या गटात तशी वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

नेमकं काय झालं?

ॲप सुरू करून देताना मी 'कट्टा' हे युनिट तयार केलं आणि लिहिलं, १ कट्टा = ५० किलो. तूर खरेदीला ते बरोबर होतं. त्या गटाने शेतकऱ्यांकडून ५० किलोच्याच भरतीने तूर घेतली होती. पण मिलमधून डाळ भरून आली ती ३० किलोच्या कट्ट्यांत. लिपिकाताईंनी प्रामाणिकपणे नोंद केली, 'डाळ आवक, १० कट्टे'. ॲपने गुणाकार केला, ५०० किलो. खरी डाळ होती ३०० किलो. स्टॉलवर पाकिटं करून विकली २२० किलो. ॲप म्हणालं ५०० वजा २२०, उरले २८०. खरं होतं ३०० वजा २२०, म्हणजे ८०. गोदामात ८० किलोच होती, दोन बंद कट्टे आणि २० किलो सुटी.

हे कुणी ओळखलं माहीत आहे? किल्ली ठेवणाऱ्या त्या मावशींनीच. मी ॲपमधली 'कट्टा ५० किलो' ही ओळ मोठ्याने वाचली तशा त्या म्हणाल्या, "पन्नासचा कुठाय? डाळीचा कट्टा तर मी एकटी उचलते."

दहा मिनिटांत हिशेब जुळला. किल्ली परत त्यांच्या हातात गेली. पण ती दहा मिनिटं मी विसरलेले नाही.

आणखी एक लक्षात घ्या. ही चूक सापडली नसती तर वर्षाच्या शेवटी शिल्लक माल २४ हजारांनी जास्त दिसला असता. शिल्लक माल जास्त म्हणजे नफाही तेवढाच जास्त. नसलेला नफा आपण वाटून घेतला असता, किंवा तोच कागद बँकेत कर्जासाठी दाखवला असता.

पक्कं माप आणि कच्चं माप

आपल्या आज्या तोंडपाठ म्हणायच्या: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. ही मापं भरून मोजायची होती, तोलून नाही. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तूर यांचं वजन सारखं नसतं. घरात, उसनवारीत ते चालायचं, कारण ज्वारी घेतली तर ज्वारीच परत द्यायची असायची. व्यवसायात तूर घेऊन डाळ विकायची असते, तिथे ते चालत नाही.

देशात १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलो, मीटर टप्प्याटप्प्याने आले. आज २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा लागू आहे. त्यामुळे बिलावर आणि पाकिटावर किलो, ग्रॅम, लिटर किंवा नग हेच चालतं. पायली, शेर लिहून विकता येत नाही. गटाच्या तराजूवरसुद्धा वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का मुदतीत असायला हवा.

सॉफ्टवेअरसाठी मी मापांचे दोन भाग करते.

पक्की मापं, म्हणजे जी कुठेही गेलं तरी बदलत नाहीत:
• १ क्विंटल = १०० किलो
• १ किलो = १००० ग्रॅम
• १ लिटर = १००० मिली
• १ डझन = १२ नग

कच्ची मापं, म्हणजे जी मालाप्रमाणे, गावाप्रमाणे, भरणाऱ्याच्या हाताप्रमाणे बदलतात: कट्टा, पोतं, पायली, पाटी, डबा, बॉक्स, पाकीट.

पक्क्या मापांचं रूपांतर सॉफ्टवेअरमध्ये एकदा घातलं की विषय संपला. कच्च्या मापांचं रूपांतर सगळ्या मालाला मिळून एकच कधीही घालू नका. मी तेच केलं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये कसं घालायचं?

टॅली असो, व्यापार ॲप असो, नाहीतर दुसरं काही, रीत एकच आहे.

१. प्रत्येक मालाचं एक मूळ युनिट ठरवा. धान्य, डाळ, मसाला, शेवया यांना किलो. दुधाला लिटर. कडक भाकरीला नग. शिल्लक नेहमी याच युनिटमध्ये बघायची.

२. दुसरं युनिट त्या-त्या मालापुरतं जोडा. तुरीला कट्टा ५० किलो असेल, डाळीला ३० किलो, तर ते दोन्ही मालांच्या पानावर वेगवेगळं लिहा. टॅलीत दोन सोयी आहेत. 'कंपाउंड युनिट' सगळ्या मालाला एकसारखं लागतं, ते फक्त पक्क्या मापांसाठी वापरा. 'अल्टरनेट युनिट' त्या मालापुरतं असतं, कच्च्या मापासाठी ते घ्या. अजून सोपं हवं असेल तर नावातच वजन घाला, 'कट्टा-३०', 'कट्टा-५०'. मग चुकायला जागा राहत नाही.

३. रूपांतराची ओळ मोठ्याने वाचा. काही ॲपमध्ये मोठं युनिट आधी लिहितात, काहींत छोटं. '१ किलो = ३० कट्टे' असं उलटं पडलं तर सगळं उलटं होईल. "एका कट्ट्यात तीस किलो" असं शेजारणीला वाचून दाखवा आणि मगच सेव्ह करा.

४. दशांश चिन्ह सांभाळा. किलोच्या युनिटला तीन दशांश स्थळं ठेवा, नगाला शून्य. पाव किलो ०.२५० आणि ५० ग्रॅम मसाला ०.०५०. तिथे ०.५० लिहिलं तर अर्धा किलो मसाला विकला अशी नोंद होते. मसाल्याच्या गटांनो, तुमच्या शिल्लकेतला घोळ पुष्कळदा इथेच असतो.

५. भाव कशाचा ते बघा. बाजार समितीत भाव क्विंटलचा असतो, आपली नोंद किलोची. समजा दोन क्विंटल तूर ७,००० रुपये क्विंटलने घेतली. खरी रक्कम १४,००० रुपये. पण नग २०० किलो लिहून भावाच्या रकान्यात ७,००० टाकले तर बिल होतं १४ लाखांचं! भाव ७० रुपये किलो असा करून लिहा.

तूर ते डाळ हे रूपांतर नाही

हा मुद्दा बैठकीत पुन्हापुन्हा निघतो. किलोचा ग्रॅम होतो ते रूपांतर, कारण माल तोच राहतो. तुरीची डाळ होते ते उत्पादन, कारण माल बदलतो. भूम भागात, कुंथलगिरीकडे खवा करणाऱ्या सख्यांना हे लगेच कळतं. दूध लिटरमध्ये येतं, खवा किलोत निघतो, आणि दूध म्हशीचं की गाईचं, त्यात फॅट किती, यावर उतारा बदलतो. म्हणून '५ लिटर = १ किलो' असं युनिट बनवून ठेवू नका.

दूध आणि खवा, तूर आणि डाळ हे दोन वेगळे माल म्हणून उघडा. प्रत्येक खेपेला उत्पादनाची नोंद करा. समजा १०० किलो तूर मिलला दिली, ७० किलो डाळ आली, २५ किलो चुणी-भरडा आला. मग तूर १०० ने कमी, डाळ ७० ने जास्त, चुणी २५ ने जास्त, आणि ५ किलो तूट. तूट लिहायला लाजू नका. दर खेपेची तूट लिहिलेली असेल तर एखाद्या खेपेला ती १२ किलो झाली की मिलवाल्याला विचारता येतं. लिहिलीच नसेल तर कुणाला विचारणार?

पाकिटं भरताना

सुटी डाळ वेगळा माल, एक किलोचं पाकीट वेगळा, अर्ध्या किलोचं वेगळा. ३० किलोचा कट्टा फोडला, त्यातून एक किलोची २० आणि अर्ध्या किलोची १९ पाकिटं झाली. २० आणि साडेनऊ, मिळून साडेएकोणतीस किलो. अर्धा किलो निवडण्यात, सांडण्यात गेली. सुटी डाळ ३० ने कमी, पाकिटं २० आणि १९ ने जास्त, तूट ०.५००. विकताना मग फक्त पाकिटं मोजायची.

पाकिटावर लिहिलेलं वजन हे आतल्या मालाचं, पिशवीसकट नाही. तसंच खरेदीला बारदान्याचं वजन वजा करून लिहा. रिकामं पोतं एकदा तराजूवर ठेवून बघा. शंभर पोत्यांत तो फरक केवढा होतो ते तुम्हीच काढा.

महिन्यातून एकदा मोजणी

सॉफ्टवेअर आपण सांगू तेवढंच जाणतं. त्याला कट्टा उचलता येत नाही, मावशींना येतो. म्हणून दर महिन्याच्या एका बैठकीआधी दोघीजणींनी, त्यातली एक किल्लीवाली आणि एक दुसरी, गोदामातला माल तोलून कागदावर लिहायचा. त्या वेळी ॲप बघायचं नाही. नंतर दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे.

फरक आला तर आधी माणसाकडे बघू नका, युनिटकडे बघा. या क्रमाने तपासा:
• कट्टा, पाकीट यांचं रूपांतर बरोबर आहे का?
• दशांश चिन्ह चुकलं आहे का?
• तूट, घरगुती वापर, नमुन्याला दिलेला माल लिहायचा राहिला का?
• एकच बिल दोनदा चढलं का, की चढायचंच राहिलं?

चूक सापडली तर ती मूळ नोंदच दुरुस्त करा. आम्ही '१० कट्टे' काढून '३०० किलो' केलं. कारण सापडलंच नाही तर गुपचूप आकडा बदलू नका. बैठकीत वाचा, ठरावात लिहा, सह्या घ्या आणि मग 'स्टॉक दुरुस्ती' म्हणून नोंद करा. रूपांतर बदलण्याआधी बॅकअप घ्या, कारण काही ॲपमध्ये ते बदललं की मागच्या नोंदीही बदलतात.

पुढच्या बैठकीत एवढं करा

घरातलं एक जुनं मापटं आणा. त्यात आधी ज्वारी भरा, मग हरभरा, मग तूरडाळ. प्रत्येक वेळी तराजूवर ठेवा आणि आकडे फळ्यावर लिहा. मग आपल्या गटात जे-जे कट्टे, डबे, पाट्या वापरता, त्यांचंही वजन करून एक तक्ता बनवा आणि गोदामाच्या दारामागे चिकटवा. लिपिका बदलली तरी तक्ता राहील.

लेखे नीट ठेवणं हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र आहे. त्यामागे पैशाइतकाच एकमेकींवरचा विश्वास असतो. त्या बैठकीनंतर मी गटासमोर माझी चूक कबूल केली. मावशी हसून म्हणाल्या, "शिकलेल्या पोरींनी एकदा कट्टा उचलून बघावा." आता नवीन गटाला ॲप सुरू करून द्यायला जाते तेव्हा मोबाईल काढायच्या आधी मी गोदामात जाऊन कट्टा उचलून बघते.

तुमची क्षेत्र समन्वयक